बिनचहाची वाहननिवड

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला. आज आमच्या आसेगावच्या शेतकरी गटाची बैठक. सेक्रेटरी मीच. गाडी निवडण्याचे काम एकमताने माझ्याकडे आले. एकमताने म्हणजे विषय निघाला तेव्हा बाकीचे चपला शोधत होते.

प्रश्न असा. गटाचा मिनी ट्रॅक्टर आहे. रिसोडकडे दौलतसिंगांची संत्र्याची बाग आहे, झाडांच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून त्यांनी आमचा आठ दिवसांसाठी सांगितला आहे. १० ऑक्टोबरला सकाळी बागेत उभा पाहिजे. काम आवडले तर त्यांच्या दोन भावांच्या बागाही गटालाच. चालवत न्यायचा तर जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टायर झिजवत जावे लागेल. तेव्हा गटाने स्वतःची गाडी घ्यावी. पिकअप, ट्रक की ट्रॉली, ते मी सांगायचे.

अध्यक्ष बेबीताई म्हणाल्या, "भागवतभाऊ, तुमी बीएस्सी झालेले मानूस. पन आठ दिवसांत सांगा. दहा तारखीले ट्रॅक्टर रिसोडले नाई लागला, तं मंग मी माह्या पद्धतीनं पाह्यतो."

आठ दिवस जास्तच आहेत. पाच पुरतील.

योगिनीला सांगितले. ती म्हणाली, "कूलर पसंद कराले दोन उन्हाळे लावले होते तुमी." कूलरची गोष्ट वेगळी. तिथे हवेचा प्रश्न होता.

संकल्प: पूर्ण निःपक्षपात. निर्णय होईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याचा चहा घ्यायचा नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

वाशीमला शोरूममध्ये गेलो. शिवम नावाचा सेल्समन, मुलगा नम्र आहे. बसताच चहा आला. नको म्हणालो. साखर कमी करून आणू का, म्हणाला. नको. बिनदुधाचा? नको. कॉफी? मी त्याला शांतपणे समजावले की, निर्णयाआधीचा चहा म्हणजे वशिला. त्याचा चेहरा पडला. आतून मालक आले आणि हात जोडून म्हणाले, "काय चुकलं साहेब आमचं?" आमच्या भागात चहा नाकारतात ते एक तर भांडण असताना, नाही तर सोयरीक मोडताना.

अर्धा ग्लास पाणी घेतले. बसमध्ये विचार केला, पाणी चालते का? पाणी निसर्गाचे आहे. पण थंड केलेले होते. पुढच्या वेळी साधे मागणे.

सहा चाकी ट्रक आणि पिकअप, दोन्हींची माहिती शिवमच्या टेबलावर बसून उतरवून घेतली.

९ सप्टेंबर, सोमवार

थर्मास विकत आणला. घरचा चहा बरोबर. आता ना शोरूमचा अपमान, ना मनाला डाग.

ट्रॉली बनवणाऱ्याच्या वर्कशॉपवर गेलो. त्याने चहा मागवला, मी थर्मास उघडला. तो म्हणाला, "आमच्या कपात जहर टाकून राह्यलो काय आमी?" आणि वेल्डिंगचा चष्मा लावून बसला. मी असेपर्यंत त्याने तो काढला नाही. वेल्डिंग बंद होते.

परत येताना उकंडराव भेटले. वय सत्तर, बैलजोडी अजून दारात, शेजारधर्म म्हणून रोज एकदा माझी चौकशी करतात. म्हटले, ट्रॉलीचा विचार चालला आहे. म्हणाले, "ट्रॉली ओढते कोन?" म्हटले, ट्रॅक्टर. "म्हंजे ट्रॅक्टर न्याले ट्रॅक्टर?" हो. "मंग त्या ट्रॅक्टरचे टायर नाई झिजत काय रे?"

मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. वहीत स्वतंत्र पान केले.

११ सप्टेंबर, बुधवार

आठ दिवस झाले. पण ते पूर्वतयारीचे होते, निवडीचे दिवस आजपासून धरावेत. बेबीताईंना तसे कळवले. त्या फोनवर काही बोलल्या नाहीत. त्याला मी संमती समजतो.

एक चांगली गोष्ट. गेल्या आठवड्यापासून माझे अक्षर सुधारले आहे. पेन कसा सरसर चालतो. मन स्वच्छ असले की हातात उतरते.

१४ सप्टेंबर, शनिवार

तक्ता पूर्ण झाला. सत्तावीस निकष, शंभर गुण. ट्रॉली उकंडरावांच्या मुद्द्यावर बाद. उरले ट्रक आणि पिकअप.

ट्रक ७१. पिकअप ७१॥.

अर्ध्या गुणाने आनंद झाला, आणि लगेच शंका आली की आनंद का झाला? तपासले. हॉर्नच्या निकषात पिकअपला अर्धा गुण जास्त दिला होता. कारण तिचा हॉर्न माझ्या सासुरवाडीच्या जीपसारखा वाजतो. हा सरळ पक्षपात आहे. अर्धा काढला.

७१–७१.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी शर्ट धुवायला टाकताना खिशात निळा पेन सापडला. माझा निळा पेन तर वहीत आहे, त्यानेच हे लिहितो आहे. म्हणजे खिशातला शोरूमचा! शिवमच्या टेबलावरून अनवधानाने आला. बारा दिवस एका विक्रेत्याची वस्तू माझ्या घरात होती आणि मी गुण देत होतो.

पेनावर काही छापले आहे का पाहिले, पण बारीक अक्षर आताशा दिसत नाही. डॉक्टरने मार्चमध्ये नंबर दिला आहे. चष्म्याची फ्रेम विचाराधीन आहे.

एसटीने वाशीमला जाऊन पेन परत केला. शिवम "सर, पण हा तर…" असे काहीतरी म्हणत होता. मी हात वर करून त्याला थांबवले. स्वच्छ व्यवहारात भावना नको.

चहा आला. घेतला नाही.

या दगदगीत दिवस गेला, पण रात्री झोप कशी लागेल ते पहा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ट्रॅक्टर पुन्हा मोजला. तीन वेळा तीन लांब्या आल्या. योगिनीचे म्हणणे, टेप ढिली आहे. माझे म्हणणे, टायरमधली हवा.

मोजत असताना अन्सार आला. याची जुनी पिकअप आहे, गावातले काहीही नेतो, पाण्याच्या टाक्या, बकऱ्या, मागे एकदा अख्खा मंडप. थोडा वेळ उभा राहून म्हणाला, "भागवतभाऊ, लांबी-रुंदी तं बराबर हाय. पन चढवसान कुठून?"

म्हटले, चढवायचा म्हणजे?

"ट्रॅक्टर उडी मारून तं नाई बसत ना गाडीत. नाल्याच्या काठाशी गाडी उलटी लावा लागते, काठ अन् गाडीची फळी सारखी आली की धक्का बी नाई लागत. तुमी सांगा, कव्वा न्याचा?"

अन्सारची स्वतःची पिकअप असल्यामुळे त्याचे मत हितसंबंधी ठरते. नोंद घ्यायची नाही असे ठरवले. मग वाटले, नोंद न घेणे हाही त्याच्यावर अन्यायच. 'चढवणे' हा अठ्ठाविसावा निकष केला. आता शंभरात बसवायला सगळे गुण पुन्हा वाटावे लागतील.

२९ सप्टेंबर, रविवार

वाटले. ७०–७०.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज गावात डेमो. शिवमने ट्रक आणि ड्रायव्हर पाठवला. गटाचा ट्रॅक्टर त्यात चढवा, असे सगळे म्हणत होते. मी विरोध केला. गटाचे काम त्यांच्या गाडीत झाले तर तो फुकट लाभ होईल. त्यापेक्षा ट्रॅक्टरइतके वजन भरावे. हिशेब केला, साडेनऊ क्विंटल म्हणजे सोळा माणसे.

नवरात्र असल्यामुळे माणसे सहज मिळाली. बायका जास्त. उकंडराव सगळ्यांत आधी चढले, ते सुद्धा धुतलेले धोतर नेसून. मी याचा अर्थ उत्साह असा लावला.

फाट्यापर्यंत जायचे आणि परत, असे ठरले होते. फाट्यावर मी खाली उतरून मागची चाके किती दबली ते मोजू लागलो. वर कोणीतरी "जगदंबेचा उदो" म्हणाले. ट्रक निघाला. मी टेप हातात घेऊन मागे पळालो. उकंडराव मागच्या फळीवरून ओरडले, "तू लिहून ठेव रे, गाडी चांगली वढते!"

वजन परस्पर पोहरादेवीला गेले.

फाट्यावरून चालत घरी आलो. ते सगळे संध्याकाळी आले, गुलाल लावून. सर्वांचे मत ट्रकच्या बाजूने, पण दर्शन घडल्यामुळे ते प्रभावित मानले पाहिजे. प्रसाद मात्र खाल्ला. प्रसाद म्हणजे चहा नव्हे.

६ ऑक्टोबर, रविवार

शिवमचा फोन. म्हणाला, "सर, डेमोच्या गाडीत नारळाच्या कवट्या निघाल्या." आता डेमो मिळणार नाही. पिकअपचा डेमो न झाल्यामुळे ट्रकचा ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे निकाल पूर्वीप्रमाणेच बरोबरीत.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बेबीताई घरी आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "परवा सकाळी दौलतसिंगच्या बागंत ट्रॅक्टर पाह्यजे. गाडी कोनती?"

म्हटले, अगदी शेवटच्या टप्प्यात आहे.

"मागच्या आठवड्यात बी शेवटचाच टप्पा होता, भाऊ." मग योगिनीकडे पाहून हसल्या. योगिनीही हसली. बायकांचे आपसात काय असते, कळत नाही.

आता चिठ्ठी टाकावी हे उत्तम. दोन चिठ्ठ्या केल्या. पण 'पिकअप' लिहायला शाई जास्त लागते, ती चिठ्ठी जड होते का? उद्या सकाळी सोनाराच्या काट्यावर पाहू.

९ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

सोनाराचे दुकान अकराला उघडते. बारापर्यंत निर्णय पक्का.

त्याच दिवशी, रिसोडहून

घटना फार वेगाने घडल्या.

साडेदहाला नाल्याकडून आवाज आला म्हणून गेलो. अन्सारची पिकअप काठाला उलटी लागलेली. बेबीताई स्वतः ट्रॅक्टरवर बसलेल्या, पदर खोचलेला. पहिल्या गिअरमध्ये सरळ आत गेल्या. अन्सारने चाकांखाली चार दगड लावले, दोर आवळला. दहा मिनिटे लागली असतील. मी टेप घेऊन धावलो. पण मोजण्यासारखे काही उरले नव्हते, ट्रॅक्टर बसला होता.

म्हटले, मी येतो, सेक्रेटरी म्हणून. केबिनमध्ये बेबीताई, डिझेलचा कॅन आणि भाकरींचे गाठोडे. अन्सार म्हणाला, "वर बसा, ट्रॅक्टरच्या सीटवर. मस्त हवा लागते."

असा मी ट्रॅक्टरवर आणि ट्रॅक्टर पिकअपवर, आसेगावहून निघालो. स्टिअरिंग हातात होते. वळणावर ते मी फिरवत होतो. सवयीने.

वाशीमला हवा भरायला अन्सारने गाडी थांबवली, ती नेमकी शोरूमसमोर. शिवम बाहेर आला. वर पाहिले. आत जाऊन तीन चहा घेऊन आला.

मी विचार केला. गटाचा ट्रॅक्टर ज्याअर्थी अन्सारच्या गाडीत आहे, त्याअर्थी आज तरी शोरूमशी व्यवहार नाही. व्यवहार नाही, मग वशिला नाही.

घेतला. आले घातलेला होता. पुन्हा एक घेतला. इतका चांगला चहा आधी घेतला असता तर ७०–७० चा प्रश्न तेव्हाच सुटला असता.

निघताना शिवमने वर हात करून एक निळा पेन दिला. "सर, त्या दिवशी सांगत होतो, हा तुमचाच. टोपण चावलेलं आहे बघा." टोपण खरेच चावलेले होते. मीच चावतो.

मग वहीत कोणता आहे?

१० ऑक्टोबर, गुरुवार

ट्रॅक्टर सहा वाजता बागेत उभा होता. दौलतसिंग खूश. दुपारी त्यांचे दोन्ही भाऊ येऊन पाहून गेले, बेबीताईंनी दोघांच्याही तारखा धरल्या. गाडीची सोय कोणी लावली, असे दौलतसिंगांनी विचारले. बेबीताई म्हणाल्या, "आमच्या सेक्रेटरीनं सव्वा महिना लावला." त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिले. खुलासा करावा असे वाटले, पण संत्री सोलून हातात दिली होती.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा, आज बैठक. ठराव झाला: गटाने गाडी घेऊ नये, लागेल तेव्हा अन्सारची पिकअप सांगावी. वाहन निवड समिती बरखास्त. समितीत मी एकटाच होतो. अन्सारची गाडी कोणत्याही तक्त्यात नव्हती, असे मी निदर्शनास आणले. उकंडराव म्हणाले, "मंग तक्ताच बदल ना बावा!"

सेक्रेटरीपद मात्र माझ्याकडेच राहिले. दुसरे कोणी तयार नव्हते. ठराव मीच लिहिला.

लिहिताना उकंडरावांचा चष्मा क्षणभर मागून घेतला आणि पेनावर पाहिले. छापले होते: 'भार तुमचा, भरोसा आमचा. वाशीम.'

म्हणजे ५ सप्टेंबरपासूनचे सगळे गुण, तक्ते, ही रोजनिशी आणि समिती बरखास्तीचा ठराव, सगळे विक्रेत्याच्या शाईने. ठराव वैध आहे का? बेबीताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "भागवतभाऊ, च्या प्या."

उद्या पहिल्या एसटीने पेन परत.

१४ ऑक्टोबर, सोमवार. पेन्सिलीने

पहिली एसटी की दुसरी, हे ठरेपर्यंत दोन्ही गेल्या. अन्सार वाशीमला निघालाच होता, योगिनी त्याच्या पिकअपमध्ये बसून गेली आणि पेन देऊन आली. शिवमने चहा दिला, तिने घेतला, विषय संपला.

येताना ती माझ्या चष्म्याची फ्रेम घेऊन आली. दुकानात किती वेळ लागला विचारले. म्हणाली, "अन्सारभाऊ गाडी वळवेपर्यंत."

लावून पाहिली. बरोबर बसते. मी निवडली असती तरी हीच निवडली असती.