न विचारता वाचवलेले

ता. ४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वहिनीची अट अजून लागू आहे. 'उपकार विभाग' या मालिकेबद्दल तू आणि मी फोनवर बोलायचं नाही. तिसऱ्या सीझनच्या वेळी आपलं बोलणं ऐकून शेजारी दार वाजवायला आले होते, ते ती विसरायला तयार नाही. भांडायचं तर कागदावर भांडा, कागदाला आवाज नसतो, म्हणते. तेव्हा घे कागद.

चौथा सीझन पाहिलास? काय वाट लावलीय माणसाची! पहिल्या सीझनमध्ये महावज्र कसा होता आठव. सरकारी खात्यातला उडणारा माणूस, पण बोलावलं की हजर. बाई गच्चीवरून पडो, बस नदीत जावो, हा आहेच. काम झालं की वाचलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करून 'मी आभारी आहे' म्हणायला लावायचा. त्यात गैर काय? आता चौथ्या सीझनमध्ये त्याच वाचलेल्या लोकांनी संघटना काढलीय. 'आम्हाला विचारल्याशिवाय वाचवू नका' असे फलक घेऊन ते त्याच्याच ऑफिसबाहेर बसतात. आणि तो बिचारा आत आरशासमोर भाषणाची तालीम करतो! मालिकांना तारे देतात त्या साइटवर मी एकच तारा दिला आणि लिहिलं, 'हा सीझन कृतघ्न माणसांनी कृतघ्न माणसांसाठी लिहिला आहे.' शेकडो लोकांनी अंगठे दिलेत. म्हणजे जग अजून शाबूत आहे.

आता दुसरा विषय, म्हणजे खरं तर हाच. आपल्या मनीने टिकलीला पोहायला घातलंय. माझ्याकडे नाही! नव्या तलावावर, कुठल्याशा कालच्या पोराकडे. मी तलावावर हयात घालवली, अर्धं गाव माझ्या शिट्टीवर पोहायला शिकलं, आणि माझी सख्खी नात परक्याकडे? मनीला विचारलं तर म्हणते, बाबा, तुम्हाला दगदग नको. ज्या बापाने हिला बुडताना बाहेर काढलं त्याला दगदग! तू तिची आत्या आहेस, तुझं ती ऐकते. टिकलीला मीच शिकवणार, एवढं तिच्या गळी उतरव. तुझ्या भावाचं एवढं काम कर.

दुकान कसं चाललंय ते कळव. वहिनी आठवण काढते.

तुझा,
दादा

---

ता. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून कपाळाला हात लावला तो अजून खाली आलेला नाही.

अरे, महावज्र चांगला माणूस नाही! पहिल्या भागापासून नाही. ती विनोदी मालिका आहे आणि विनोद त्याच्यावरच आहे. पहिल्याच भागात तो भिंत फोडून आत येतो आणि मग पडलेल्या भिंतीखालून लोकांना बाहेर काढतो. तेव्हा तू पोट धरून हसला होतास. मला वाटलं, समजून हसतोयस. तीन सीझन मी याच समजुतीत काढले. आता तुझ्यापुढे हात टेकले.

या सीझनवर मत नाही असं एक गिऱ्हाईक माझ्या चष्म्याच्या दुकानात येत नाही. एका शिक्षिकेला तो रटाळ वाटतो. एका ड्रायव्हरला मारामारी कमी पडली, त्याला वाटतं लेखक दमले. परवा एकाला डोळ्यांत औषध घालून बसवलं, तर तो मिटल्या डोळ्यांनी सहाव्या भागाला शिव्या घालत बसला. मलाही मधले भाग ताणल्यासारखे वाटले, ती कोर्टाची भानगड तर संपता संपत नाही. पण महावज्राच्या वतीने दुखावलेला माणूस मला तुझ्याशिवाय भेटला नाही.

आता मनीचं. तिला तू पाण्यातून काढलंस ही गोष्ट तू तिच्या लग्नात माईकवर सांगितलीस. तिच्या साहेबांना सांगितलीस, तोंडात घास असताना. टिकली झाली तेव्हा दवाखान्यात नर्सला थांबवून म्हणालास, मी नसतो तर हिची आई नसती, आणि हीही नसती. ती बिचारी टिकलीला पुसत होती! दर वेळी मनी हसते आणि म्हणते, हो, बाबांनीच वाचवलं. ते म्हणताना तिचा चेहरा कधी बघितलायस? चष्मे बसवायचे म्हणजे दिवसभर चेहरेच बघायचे, म्हणून मला दिसतो. मला नाही आवडत तो चेहरा.

तेव्हा मी तिच्या गळी काहीही उतरवणार नाही. ती परवा दुकानात आली होती. तुझं ते 'कृतघ्न' मत मी तिला दाखवलं. आधी खूप हसली, मग तपासणीच्या खुर्चीत बसून राहिली. मला जे बोलली ते मी तुला सांगणार नाही. म्हटलं, तूच लिही. तोंडाने सांगायला गेलीस तर बाबा दुसऱ्या वाक्याला तोडतील.

रागावलास तर रागाव, पण जेवण वेळेवर कर. वहिनीला नमस्कार, टिकलीच्या आजोबांना जरा अक्कल येवो.

तुझीच,
ठमी

---

ता. १५ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद आहेतच, आज थोडे कमी.

तू नेहमीच तिची बाजू घेतेस, त्यात नवल नाही. पण मी काय भिंत फोडून आत गेलो होतो? पाच वर्षांची पोर खोल बाजूला तळाशी होती. मी घड्याळासकट, बुटांसकट उडी मारली. यात विनोद कुठे आहे ते दाखव.

त्या साइटवर मी दुसरं मत टाकलं. खाली 'चौकस उंदीर' नावाच्या कुणा शहाण्याने लिहिलं, 'काका, हा सीझन तुमच्यावरच आहे.' मी ते वहिनीला वाचून दाखवलं, तर ती चहा ओतता ओतता एवढी हसली की अर्धा चहा बशीत. घरातसुद्धा कुणी आपलं उरलेलं नाही.

मनीला काय लिहायचंय ते खुशाल लिहू दे. आभाराचे दोन शब्द तरी कागदावर येतील.

दादा

---

ता. २० मार्च

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

आत्याने चार वेळा फोन करून हे पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. एका दमात लिहिते, नाहीतर राहूनच जाईल. तुम्हीही एका दमात वाचा.

बाबा, मी बुडत नव्हते.

तुम्ही मोठ्या मुलांची बॅच घ्यायचात तेव्हा मी उथळ बाजूला दांडी धरून पाय मारत बसायचे. तुम्ही त्यांना जे सांगायचात ते सगळं ऐकायचे. मग एक दिवस दांडी सोडली आणि जमलं. कुणाला सांगितलं नाही, कारण तुम्हालाच दाखवायचं होतं. त्या दिवशी तुम्ही उडी मारायच्या फळीखाली समोरच्या काठावर उभे होतात. मी ठरवलं, खोल बाजूने रुंदी पार करायची, तीही पाण्याखालून, श्वास धरून, आणि तुमच्या पायांशीच वर यायचं. भिंत दिसायला लागली होती. तेवढ्यात वरून तुम्ही आलात.

बाहेर काढल्यावर मी सांगणारच होते. पण सगळा तलाव टाळ्या वाजवत होता आणि तुम्ही मला पोटाशी धरून रडत होतात. तुम्हाला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगितलं तर यांना फार वाईट वाटेल. म्हणून म्हटलं, बाबांनी वाचवलं. मग ते दर वेळी म्हणावं लागलं.

मला त्याचाही राग नाही. राग याचा आहे की त्यानंतर तुम्ही मला कधीच खोल पाण्यात सोडलं नाहीत. पोहण्याच्या प्रशिक्षकाची मुलगी, आणि कमरेएवढ्या पाण्यात मोठी झाले. टिकलीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं. तुमच्याएवढं चांगलं कुणी शिकवत नाही, हे मला माहीत आहे. पण ती पाण्याखाली गेली की तुम्ही थांबू शकणार नाही.

तुम्ही त्या दिवशी उडी मारलीत, कारण मी तुम्हाला हवी होते. ते मला तेव्हाही कळलं होतं. आईला नमस्कार. माझ्यावर राग धरू नका, धरलात तरी फोन उचला.

तुमची,
मनी

---

ता. ९ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

एवढे दिवस पत्र नाही म्हणून तू वहिनीला फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी केलीस, ते कळलं. तब्येत ठणठणीत आहे. डोकं ठिकाणावर नव्हतं.

आधी मालिकेचं. तू कपाळाला हात लावलास म्हणून चौथा सीझन पुन्हा पहिल्यापासून पाहिला. टुकारच आहे. कोर्टाचे भाग तर कुणी फुकट दाखवले तरी बघू नयेत. फक्त ते लोक त्याच्या ऑफिसबाहेर बसतात आणि तो खिडकीतून बघत राहतो, तो भाग बरा आहे. मी एकाचे दोन तारे केले. याहून जास्त माझ्याकडून होणार नाही, त्या उंदराला हवं तर सांग.

मनीचं पत्र आल्यावर दोन दिवस मी नुसता चिडलो होतो. खोटं आहे म्हटलं, पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार. मग वहिनी म्हणाली, ती कुठून पाण्यात शिरली आणि तुम्ही तिला कुठून काढलंत? ठमे, ती पलीकडच्या काठावरून शिरली होती, आणि मी तिला माझ्याच पायांखालून काढली होती. बुडणारं पोर रुंदी ओलांडून येत नाही. एवढी वर्षं ती गोष्ट सांगतोय आणि पोहण्याच्या मास्तराला हे कधी सुचलं नाही.

मग मनीला फोन केला. येऊ का म्हणून विचारलं. ती या म्हणाली. गेल्या रविवारी नव्या तलावावर जाऊन वर बाकावर बसलो. तो कालचा पोरगा बरा शिकवतो. हात जरा आखडते मारायला शिकवतो, पण बरा. मी काही बोललो नाही, याची नोंद घे. टिकली पाण्याखाली गेली तेव्हा मी उठलो होतो. एक बूटही काढला होता. मनीने माझ्याकडे बघितलं नाही, धरलंही नाही. मी पुन्हा बसलो. पोरगी वर आली, नाकातून पाणी, तोंडभर हसू. मी तसाच एका बुटावर टाळ्या वाजवत होतो, तर लोक माझ्याकडे वळून बघायला लागले.

परतताना मनी म्हणाली, आता मलाही ती रुंदी पुरी करायचीय. येत्या रविवारी, खोल बाजूने, पाण्याखालून. मी समोरच्या भिंतीशी काठावर उभं राहायचं आणि ती वर येईपर्यंत काहीही करायचं नाही, असं ठरलंय. मी हो म्हणून बसलोय.

ठमे, दुकान बंद ठेव आणि ये. कुणीतरी मला धरून ठेवायला हवं.

वाट पाहतो.

तुझा,
दादा