आबांच्या ओवीतली खूण

जुळे सोलापूर

प्रिय धनू,

पत्र बघून हसशील. अक्काला आता पोस्टमन कुठून आठवला, म्हणशील. पण तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस नि गप्प बसतोस, मग काय करू? तुझ्याकडं मोडनिंबला यावं म्हटलं तर आबांना एकटं सोडता येत नाही. आई तिकडं मैंदर्गीला मेंढरांपाशी. म्हणून कागद काढला. लई दमलेय रे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर घे समजून.

आबांच्या गळ्याची जखम सुकली. डॉक्टर म्हणतात जेवण हळूहळू जाईल, आवाज मात्र यायचा नाही. हे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, तरी आबा रोज सकाळी गॅलरीत उभे राहून तोंड उघडून बघतात. नुसती हवा येते. मी तेवढ्यात चहाची भांडी आपटत बसते, म्हणजे मला काही ऐकू आलं नाही असं त्यांना वाटावं. शेजारच्या जगदेवी मावशी म्हणतात, तुमच्याकडं सकाळी सकाळी भांडण असतं की काय!

ऑपरेशनच्या आधी आपण माळावर त्यांची बिरोबाची ओवी चित्रित केली होती, आठवतं? कॅमेरा तूच धरला होतास. वारा असा सुटलेला की आबांचा पटका जागेवर राहीना. मध्येच एक कोकरू येऊन त्यांच्या धोतरात घुसलं, तरी आबा थांबले नाहीत, एका हातानं त्याला थोपटत गातच राहिले. शेवटी मी म्हटलं, आबा, आता तुमचं नाव सांगा. तर केवढे चिडले! ओवी देवाची हाय, गाणाऱ्यानं त्यात आपलं नाव घालायचं न्हाय, म्हणाले. त्यांच्या बापानं कधी घातलं नव्हतं, ते कसे घालणार? आपण दोघं हसलो नि तू कॅमेरा बंद केलास.

आता त्याच ओवीवर दुसऱ्याचं तोंड बसलंय. तू पाहिलंच असशील. मोबाईलवर व्हिडिओ टाकत फिरणाऱ्या त्या प्रभुलिंगनं स्वतःच्या चॅनेलवर टाकलीय. कसल्याशा ॲपनं आबांचा चेहरा काढून स्वतःचा लावलाय. आवाज आबांचा, हात आबांचे, काठी आबांची, अगदी कोकरूसुद्धा आपलं, नि लोक वाहवा करतायत त्याची. तेही एक वेळ सोसलं असतं. पण मागच्या पंधरवड्यात बाजारात एका बाईनं आईला विचारलं, तुमचे मालक आजवर त्या मोबाईलवाल्याचीच ओवी म्हणत होते व्हय? आई भाजी तिथंच टाकून घरी आली. जन्मभर ज्यानं ओवी जपली तो चोर ठरला, नि उलट म्हणून दाखवायला त्याच्याकडं आता गळा नाही. फोनवर आई रडत होती तेव्हा आबा माझ्या शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं त्यांनी.

माझं काम तुला कधी कळलं नाही. अक्का पिक्चर बघायचा पगार घेते, म्हणायचास. त्यातलं थोडं खरंही आहे. नवा पिक्चर लोकांसमोर येण्याआधी ज्यांना ज्यांना बघायला पाठवतात, त्या प्रत्येकाच्या प्रतीत आम्ही डोळ्यांना न दिसणारी वेगवेगळी खूण पेरतो. त्यासाठी कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम जोडीनं शिकवायचे. एकानं चित्रात खूण लपवायची, दुसऱ्यानं हुडकायची, नि मधल्या मधे आम्ही त्या चित्राचे हाल करायचे. कडा कापायच्या, दाबून बारीक करायचं, काळपट करायचं, पडद्यावरून दुसऱ्या मोबाईलनं उतरवायचं. चुकत चुकत दोघं शिकतात. मग व्हिडिओ गावभर फिरून आला तरी तो मुळात कुणाच्या प्रतीतून बाहेर पडला, ते सांगता येतं. आबांची ओवी घरात वाटताना मी तेच केलं. आबांची, काकांची, माझी नि तुझी, चारी प्रतींत वेगळी खूण घातली. संशय म्हणून नव्हे रे, देवाशपथ. रोजच्या कामानं हाताला वळण लागलेलं असतं, तसं झालं.

आबांना हे समजावून सांगायला बसले तर त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवली. आपल्या मेंढरांच्या कानाला असते ती खूण. आवाज नसताना हसले ते, खांदे हलले नुसते. मग चार बोटं वर करून भुवया उडवल्या. चारांतली कुणाची? मी म्हटलं, आबा, कॉम्प्युटरला वेळ लागतो.

वेळ कसला लागतोय! तोंड बदललं तरी मागचा माळ, आभाळ, मेंढरं तीच होती, खूण तिथं शाबूत होती. ती तुझ्या प्रतीची आहे, धनू. मी पुन्हा पुन्हा तपासलं, कॉम्प्युटरच चुकला असेल म्हणून. तू विकलीस, का आबांचं नाव होईल म्हणून विश्वासानं दिलीस, का कुणाच्या भिडेला बळी पडलास, मला ठाऊक नाही. राग मात्र असा आला की तुझ्यासाठी कुटून ठेवलेली शेंगाचटणी डब्यासकट जगदेवी मावशींना देऊन टाकली. नंतर त्याचंही वाईट वाटलं.

आता आपलेच दात नि आपलेच ओठ. नुसती आपली प्रत दाखवली तर तोंड तुम्हीच बदललंत म्हणेल तो. त्या व्हिडिओची तक्रार केली तर खुणेचा निकाल पुरा द्यावा लागतो, नि प्रत कुणाची हे त्यात आलंच. उद्या भावकीत, गावात तुझ्या नावाचा बोभाटा होणार. नाही केली तर आबांची ओवी त्या माणसाची झाली. आठवडाभर तक्रार लिहितेय नि पुसतेय. झोपेतसुद्धा तेच चालू असतं.

तरी पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. आज्ज्याची रीत आबा सांगायचे ती आठव. आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात दिसलं, कानाची खूण पटली, तरी आज्जा कुणाचं नाव घ्यायचा नाही. मेंढरं कोंडली की वाघरीच्या जाळीबाहेर घोंगडी अंथरून बसायचा. ज्यानं नेलं तो मेंढरू घेऊन आपणहून यायचा, घोंगडीवर टेकायचा, चहा प्यायचा, नि कुणी त्याला काही विचारायचं नाही. सोमवारपासून आबांनी आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर, चपलांच्या स्टँडशेजारी घोंगडी अंथरलीय. मावशींनी विचारलं, पापड वाळवायचेत का? मी हसले, नि आत जाऊन रडले. मी त्यांना तुझं नाव सांगितलेलं नाही. पण काल त्यांनी मला खुणेनं शेंगाचटणी कुटायला सांगितली, नि ती तर त्यांना गिळवतही नाही. तक्रार मी अजून पाठवलेली नाही. तू ये. चहा पी, चटणीभाकरी खा, मग तुला वाटेल तेव्हा सांग कसं झालं ते, नि तक्रार आपण तिघांच्या नावानं करू. इथं लिफ्टचं दार वाजलं की आबा सरकून घोंगडीवर जागा करतात, नि दर वेळी आतून दुसरंच कुणीतरी बाहेर येतं.

तुझीच,
सुकन्या अक्का