केवड्याच्या पानातली सोयरीक

सहावोलो
डिसेंबर अखेर, भर पावसात

राजधानीनिवासी, माझ्या पत्नीचे एकुलते एक बंधू श्रीमान रात्सिंबा यांच्या सेवेशी,

पूर्वजांच्या कृपेने इकडे सगळे ठीक. तुमच्या भगिनी नुरू यांची प्रकृती तर इतकी उत्तम आहे की दिवसभर मला बोलूनही त्यांचा आवाज बसत नाही. तुमचा खोकला बरा असावा आणि घरमालकीणबाईंचा राग उतरला असावा, अशी आशा करतो. आता तक्रार. तुम्ही पाठवलेल्या गवती टोपीचा काठ दोन बोटे अधिक रुंद आहे. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. परंतु मी या पंचक्रोशीतला वक्ता. लग्न असो वा मयत, घराणी माझ्या मुखातून बोलतात, आणि त्या मुखावर ही टोपी अशी काही सावली धरते की मागच्या रांगेला माझे भाषण एखाद्या झाडामागून येत असल्याचा भास होतो. एवढे नमूद करून मी तुम्हाला मोठ्या मनाने क्षमा करतो.

याच टोपीखाली मी यंदा एका बेडकीचे लग्न लावले. (उभे असाल तर बसून घ्या.)

त्याचे असे झाले. गेल्या पावसाळ्यात तुमच्या शहरातल्या विद्यापीठाच्या डॉक्टर वुआहांगी येथे आल्या आणि आमच्या गावच्या लेझुमाच्या डोंगरावर पालापाचोळ्यात पालथ्या पडून राहिल्या. गावाला वाटले, बाईंचे काही हरवले. बायकांनी विचारले, "काय शोधताय, ताई?" म्हणाल्या, "बेडूक." "केवढा?" बाईंनी करंगळीचे नख दाखवले. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. जी वस्तू हरवली तरी कुणाला कळणार नाही, ती शोधायला माणसे राजधानीहून येतात, हे ज्ञान आमच्या गावाला नवीन होते.

मी मात्र, खरे सांगतो, त्या नखाएवढ्या जिवाच्या नादी लागलो. वर काटेरी केवड्याची झाडे आहेत ना, त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साठते. ते घोटभर पाणी हाच त्याचा समुद्र. तिथेच अंडी, तिथेच बालपण, तिथेच संसार. मी बाईंना विचारून विचारून हैराण केले: एवढ्याशा देहात हृदय मावते कुठे? त्याला बोटे किती? शेजारच्या झाडाशी भांडण होते का? बाई हसत, पण उत्तर देत. एका संध्याकाळी त्यांनी ऐकवलेसुद्धा. काचेच्या पेल्यावर कुणी नख वाजवावे तसा आवाज, पण इतका बारीक की ऐकला की आठवला, याचाच संभ्रम पडावा. हा जीव जगात अन्यत्र कुठेच सापडलेला नाही, असे बाईंनी सांगितले तेव्हा आमच्या वृद्ध गावप्रमुखांनी तोंडातली थुंकी गिळली. मग म्हणाले, "आणि आम्ही जन्मभर तिथे खुशाल थुंकत आलो!"

अडचण अशी की लेझुमा ऑक्टोबरात तोच डोंगर जाळून भात पेरणार होता. त्याला दोष देता येत नाही. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, आणि जमीन म्हणावी अशी तेवढीच. हा लेझुमा म्हणजे पंचक्रोशीतला दुसरा वक्ता (पहिला कोण, हे सांगायला माझा विनय आड येतो). आमच्या दोन घराण्यांत थट्टेचे नाते असल्याने तो मला भर बाजारात चोर म्हणतो, मी त्याला रानडुक्कर म्हणतो, आणि रागवायची दोघांनाही बंदी. सप्टेंबरात गावाची सभा बसली. डोंगराच्या बाजूने लेझुमा, बेडकीच्या बाजूने मी.

रीतीप्रमाणे आधी क्षमा मागितली: पूर्वजांची, वडीलधाऱ्यांची, माझ्याहून चांगले बोलणाऱ्यांची (यांपैकी कोणी हजर नव्हते), आणि कोणी राहू नये म्हणून शेवटी बेडकीचीही. तोवर उन्हे कलली. मग मुद्द्याला हात घालायचा, तर शब्द फुटेना! माझी आजवरची सारी भाषणे दोनच प्रकारची, मयताची आणि लग्नाची. मयताचे सुरू केले असते तर खटला तिथेच संपला असता. म्हणून लग्नाचे सुरू केले. "आमची मुलगी अंगाने लहान, स्वभावाने गरीब, खाण्यापिण्याला बेताची. घराबाहेर पाऊल म्हणून टाकत नाही."

लेझुमा टुणकन उठला. "व्याहीबुवा, अहो, माझ्या पोरासाठी अशीच पोरगी आम्ही शोधत होतो की!"

सभा हसली आणि मला चेव आला. त्याने मागणी घातली, मी रीतीने नकार दिला. त्याने आर्जव केले, मी रीतीने आढेवेढे घेतले. मग त्याने पाठीमागून केळीच्या पानावर भाजलेला मेंढीचा पुठ्ठा काढून समोर धरला. (मेंढी आधीच कापून आणली होती, याचा अर्थ मला फार उशिरा लागला.) रात्सिंबा, मुलीकडच्या वक्त्याच्या हाताला तेवढे एकच वळण असते. हात आपोआप पुढे झाला, पुठ्ठा घेतला, म्हणजे मुलगी दिली, आणि तोंडाने सात मुलगे सात मुली असा आशीर्वादही देऊन टाकला.

"झालं!" लेझुमा म्हणाला. "पोरगी सासरी आली, माहेर रिकामं झालं. आता रिकामा डोंगर पेटवायला कुणाची हरकत?"

नुरूने तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. पुठ्ठ्याचा मान गावप्रमुखांचा. ते शांतपणे चावत होते. चावता चावता म्हणाले, "सूनबाई राहणार कुठं?"

"माझ्या घरी. माठ भरून ठेवतो."

सभेसाठी पुन्हा आलेल्या डॉक्टरबाई उठल्या. "केवड्याच्या पानाबाहेर ती जगत नाही, बाबा."

"म्हणजे सून तिथंच नांदणार," गावप्रमुख म्हणाले. "मग सून नांदते त्या घराला सासरा काडी लावतो का रे, लेझुमा?"

लेझुमाचे हसू मावळले. "आणि माझी पोरं काय खाणार? केवडा?"

याला कोणी हसले नाही. गावप्रमुख माझ्याकडे वळले. "मुलगी रिकाम्या हातानं पाठवणार का, रेनिझाफी?" आणि मग मला, भर सभेत, ओढ्याकाठचे माझे भाताचे खाचर बेडकीबरोबर लेझुमाला द्यावे लागले, ती तिथे नांदेल तोवर. घरापर्यंत नुरू माझ्या चार पावले पुढे चालली. मग बोलली. "पोटच्या मुलीला दोन चटया आणि एक पातेलं दिलंत. बेडकीला शेत!" (तशात डॉक्टरबाईंनी जाताना हळूच सांगितले की ओरडतात ते सगळे नर असतात. हे शास्त्र काही काळ स्वतःपाशीच ठेवावे, अशी मी त्यांना हात जोडून विनंती केली.)

पण लेझुमा शब्दाला पक्का निघाला. ऑक्टोबरात त्याने काडी ओढली नाही. उलट रोज सकाळी डोंगरावर फेरी मारतो, आणि लाकूडतोडे दिसले की, "माझ्या सुनेच्या दारात कुऱ्हाड आणता, लाज नाही वाटत?" असे ओरडत अंगावर जातो. ठरले ते इतकेच: नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी दोन्ही घरांनी वर जायचे आणि सूनबाईंचा आवाज ऐकायचा. आवाज आला तर सोयरीक पक्की. नाही आला तर सून निघून गेली असे समजून सोयरीक मोडायची. शेत माझे, डोंगर त्याचा.

असो. घरमालकीणबाईंना आमचा नमस्कार कळवा. तुमचा कळवू नका, त्याचा अर्थ त्या वेगळा घेतील.

तुमचा मेहुणा,
रेनिझाफी

ता. क. त्या रविवारी तुम्ही येथे हवेच. मुलीचा मामा हजर नसला तर लोक काय म्हणतील? शिवाय तुम्ही वेळूची वालिहा वाद्ये घडवता, आणि तारा जुळवताना ज्या आवाजाला मान हलवता तो आम्हा कुणालाच ऐकू येत नाही. डॉक्टरबाई वादळांचे दिवस सरल्याखेरीज येऊ शकत नाहीत. रस्ता वाहून गेला आहे. घाटापर्यंत मालगाडी आहे. पुढे चालत या.

ता. क. आणखी एक. हे नुरूला सांगितलेले नाही. ऑक्टोबरात ओढ्यापलीकडच्या गावाने आपला डोंगर पेटवला. आग इकडे आली नाही, पण धूर आणि गरम वारा पुष्कळ दिवस होता, आणि केवड्यांतले पाणी पार आटले. आता पाने भरली आहेत. मी रोज संध्याकाळी वर जाऊन बसतो. बाकीचे सगळे बेडूक ऐकू येतात. तो आवाज येत नाही. लेझुमालाही येत नाही, पण तो माझ्याच वयाचा. काल वाटेत त्याने विचारले, "सूनबाई बोलली का?" थट्टेने नाही विचारले. माझे कान गेले असतील तर फार बरे होईल. मला भीती वाटते की ती तिथे राहिलेलीच नाही.