नव्या लसीची माझी स्वतंत्र तपासणी

५ जानेवारी
आजोबा झालो! लेकीला मुलगी झाली. नाक माझ्यावर गेलंय. बायको म्हणते, एवढ्याशा बाळाचं नाक कोणावरच जात नाही. जळते, दुसरं काय.
संकल्प : कारखाना सुटला की रोज थेट नातीकडे.

७ जानेवारी
लेकीने बॉम्ब टाकला. सध्या तो नवा खोकला फिरतोय, तान्ह्या बाळांना फार वाईट. म्हणून ज्याने नवी लस घेतली नसेल त्याने बाळाला उचलायचं नाही. मी म्हटलं, अगं, मी बाप आहे तुझा. ती म्हणाली, म्हणून तर तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगतेय.
मी शांतपणे समजावलं. (जावई म्हणतो ओरडलो. माझा आवाजच मोठा आहे.) लस नवी, मंजुरी झटपट. आणि मंजुरी कशी देतात ते मला विचारा! खुर्च्यांच्या कारखान्यात चेकर म्हणून उभी हयात गेली. नियम असा, की प्रत्येक खुर्चीवर बसायचं, डुलायचं, मग हिरवं स्टिकर. प्रत्यक्षात दहातल्या एकीवर बसतो. शनिवारी नुसत्या नजरेने. ट्रक दारात उभा असला तर स्टिकर आधी, नजर नंतर. खुर्चीची ही गत, तर लसीची काय असेल!
संकल्प : स्वतः तपासल्याशिवाय दंड पुढे करणार नाही.

१२ जानेवारी
मंजुरी देणाऱ्या खात्याने सगळा अहवाल वेबसाइटवर टाकलाय म्हणे. उघड्यावर टाकलाय म्हणजे नक्की काहीतरी लपवायचंय. जावयाला प्रिंट काढायला लावलं. हा एवढा गठ्ठा आला. रोज वीस पानं, महिन्यात फडशा.

१३ जानेवारी
पान एक. टाइप फार बारीक. डोळे दुखले.

२ फेब्रुवारी
नव्या चष्म्याने पान एक पुन्हा वाचलं. पाया पक्का हवा.
संध्याकाळी नातीला बघायला गेलो. लेक मला खिडकीतूनच दाखवते. मी बाहेर कुंड्यांमध्ये उभा. हात हलवला. नातीने जांभई दिली. आणि आत बघतो तर काय, मांडीवर नात घेऊन आमच्या सौभाग्यवती बसलेल्या! लस केव्हाच टोचून घेतलीय. मला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे, तुम्ही वाचत होता, कशाला त्रास द्यायचा.
घरभेदी! पण एक फायदा झाला. तपासणीला घरातच नमुना मिळाला.

४ फेब्रुवारी
नमुन्याचं निरीक्षण : सकाळी शिंका. (ती म्हणते, कपाटावरची धूळ झाडत होते.) माझ्यावर चिडचिड वाढलीय. हा दुष्परिणाम असणार. ती म्हणते, हे लग्नापासूनच आहे.

१८ मार्च
कारखान्यातल्या आमच्या पॉलिशवाल्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. त्याने एक हिरवी पावडर दिली. खोकला आसपास फिरकत नाही म्हणे. डब्यावर नाव नाही, गाव नाही. निसर्गाला लेबल लागत नाही. चांगली दोन चमचे घेतली. बायकोने विचारलं, ही कोणी मंजूर केली? म्हटलं, प्रोफेसरने. तो स्वतः घेतो का, हाही प्रश्न. नसत्या चौकशा.

१९ मार्च
रजा. पोट.

२५ एप्रिल
आज खात्याची खुली सभा. लोकांनी विचारायचं, अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचं. गठ्ठा काखेत मारून पहिल्या रांगेत बसलो. आज एकेकाला उघडा पाडणार होतो.
विचारलं, एवढी घाई का? अधिकारीबाई म्हणाल्या, एक टप्पा चालू असतानाच पुढची तयारी केली, फायली पडून राहू दिल्या नाहीत. चाचणीचा टप्पा मात्र एकही गाळला नाही. मी म्हटलं, दहातल्या एकाला बघून बाकीचे पास केले असतील. त्या म्हणाल्या, नाही, चाचणीतल्या प्रत्येकाची नोंद आहे. लसीचा परिणाम किती वर्षं टिकेल हे मात्र आम्हाला अजून माहीत नाही, ते पान चाळीसवर स्पष्ट लिहिलंय, तुम्ही वाचलंच असेल.
मी म्हटलं, अर्थात.
मग त्यांनीच मला विचारलं, दहातल्या एकाला बघून पास, असं कुठे चालतं हो? सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बसलो. इतरांनाही बोलू द्यायला हवं.

२६ एप्रिल
बायकोला म्हटलं, अधिकारी असून माहीत नाही म्हणतात, हे संशयास्पद आहे. ती म्हणाली, तुमच्या तोंडून हे दोन शब्द मी कधीच ऐकले नाहीत, मला ते जास्त संशयास्पद वाटतं. वर आणखी, सगळे चेकर तुमच्यासारखे नसतात म्हणे.
लागलं मला ते. जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)

२७ एप्रिल
कामावर हट्टाने प्रत्येक खुर्चीवर बसलो. तिसरी मोडली. कंबर धरलीय. असले अतिरेक बरे नाहीत.

२० जुलै
जावयाने फोटो पाठवला. नात बसायला लागली. विहीणबाईंच्या मांडीवर बसून खिदळतेय. विहीणबाईंचा चष्मा तिच्या मुठीत. चांगला आलाय फोटो. मला अजिबात आवडला नाही. बराच वेळ बघत होतो.

१ ऑगस्ट
लस घेतली. हरलो म्हणून नाही, तपासणी पूर्ण झाली म्हणून. (पान दोन.) डोळे गच्च मिटले होते. नर्सबाई म्हणाल्या, झालं काका. म्हटलं, सुरू कधी केलंत? दंड दुखतोय. बायकोला कळू देणार नाही.
लेक म्हणाली, अंगी लागायला दोन आठवडे जाऊ द्या, मग या. बरं.

१७ ऑगस्ट
नवा शर्ट. दाढी गुळगुळीत. आज दारातून आत गेलो. लेकीने नातीला माझ्या हातात दिलं. केवढी जड झालीय! तिने मला नीट पाहिलं. केस, चष्मा, मिशी, काही सोडलं नाही. मग खालचा ओठ बाहेर काढला आणि असं भोकाड पसरलं, की शेजारीण धावत आली. शेजारणीने घेतलं, गप्प. बायकोने घेतलं, हसू. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा भोकाड.
लेक म्हणाली, बाबा, मनाला लावून घेऊ नका, आता ती माणसं ओळखायला लागलीय. अनोळखी कोणी घेतलं की रडते.
मी म्हटलं, छे, छे, बरोबरच आहे तिचं.
सोफ्याच्या पार त्या टोकाला बसलं तर रडत नाही. तिथे बसलो. हलायचं नाही, बोलायचं नाही. उद्या पुन्हा जाणार आहे.