शंकरप्पाची फुकटची योजना

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

खोटं बोललो. आणि ते लगेच पटलं — त्याचीच भीती वाटते.

लातूरच्या डॉक्टरांनी वडिलांना, म्हणजे अण्णांना, आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, आजोबांचा — अप्पांचा — पोटातला आजार आता हटणार नाही. घरी न्या. रोज नर्स येऊ दे, दुखणं थांबवायची औषधाची पट्टी खांद्याला लावा, हवेची गादी भाड्यानं आणा. "शेवटपर्यंत एवढंच करा, पण नीट करा."

उदगीरला घरी आलो. अप्पांचा पहिला प्रश्न — "किती?"

आकडा सांगितला असता तर संपलंच! जन्म मोंढ्यात, धान्याच्या आडतीवर गेलेला माणूस. मागच्या महिन्यात गोळीच्या पाकिटावरची किंमत वाचून गोळी परत ठेवली आणि उशी दातात धरून पडून राहिले. वर आम्हालाच शिकवण — "जिथं उगवत न्हाई तिथं बी टाकू नये!"

मी म्हणालो, "अप्पा, योजना आहे. फुकट."

"सरकारची?"

"हो."

"मग घ्या की! जन्मभर मोंढ्याचा सेस भरलाव मी. एक कप चहा तरी पाजले का त्यांनी?"

अण्णा माझ्याकडे खिसा कापल्यासारखे बघत होते.

१३ डिसेंबर

नर्सचं नाव मंजुषा. तिला दारातच पढवलं — योजनेतून आले म्हणा. "कोणत्या?" नाव ठरवायचंच राहिलं होतं! बारावी नापास असलो तरी दिवसभर टेबल टाकून लोकांचे ऑनलाइन फॉर्म मीच भरतो. नाव सुचायला वेळ लागला नाही — 'ज्येष्ठ नागरिक वेदनामुक्ती साहाय्य'. सहाय्य नव्हे, साहाय्य. खोट्या योजनेचं नावसुद्धा चुकलेलं मला बघवत नाही.

स्वतःचा गाळा घ्यायला साठवलेलं नर्सला जाणार. पट्टी आणि गादी अण्णांकडे. अण्णा म्हणाले, "खोटं बी आपणच बोलायचं, पैसे बी आपणच घालायचे. असलं येडं सरकार मी बघितलो न्हाई!"

१५ डिसेंबर

पट्टीच्या खोक्यांवरच्या किमती ब्लेडनं खरवडल्या. अप्पांची नजर ना ती! "हे कामून खरवडलंय?"

मंजुषा सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सरकारी माल आहे आजोबा. कुणी बाहेर विकू नये म्हणून."

माझ्याहून पक्की आहे बाई.

दुपारी अप्पा घोरत होते. आई भाकरी टाकायची सोडून दारात उभी राहून ऐकत होती. किती दिवसांनी!

१९ डिसेंबर

घोटाळा. भेटायला येईल त्याला अप्पा योजनेचं कौतुक सांगतात. "घरी येते, हात धरून बोलते, एक पैसा घेत न्हाई. जा, आमच्या मल्लेशला भेट, फॉर्म भरतो." आज टेबलासमोर रांग! कुणाच्या सासूचं, कुणाच्या चुलत्याचं. काय सांगणार?

"साईट बंद आहे," म्हणालो.

सगळे निमूट परत गेले. या एका वाक्यावर या देशात कुणी शंका घेत नाही.

२३ डिसेंबर

शंका घेतली एकानं. रांगेतले शिवलिंग काका — "शंकरप्पाच्या वक्ताला साईट चालू, आन् आमच्या वक्ताला बंद व्हय रे?"

जेवलो नाही.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावास्येच्या पूजेला, जेवायला सगळं गाव शेताकडे. आम्ही घरीच. चुलत्यांनी शेतातून मिसळीच्या भाज्यांची भज्जी आणि ताकातली अंबील पाठवली. अप्पांनी चमचाभर अंबील घेतली, डोळे मिटले. "ताक कमी पडलंय." म्हणजे बरे आहेत.

गल्ली इतकी शांत की भिंतीपलीकडचं कण्हणं ऐकू आलं. रत्नम्माआजी. अप्पांच्या आडतीवर धान्य निवडायला असायच्या. त्यांनाही असाच आजार, छातीत. मुलगा हैदराबादला, येतो कधीमधी. आम्हाला माहीत होतं. रोज टीव्हीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, एवढंच.

अप्पांनीही ऐकलं. मग सिस्टरना म्हणाले, "उद्यापासून आधी तिकडं जा. मग इकडं."

"आजोबा, नाव तुमचं लागलंय."

"मग तिचं बी लाव की. सरकारचा पैसा हाय माय, माझ्या मल्ल्याचा थोडाच हाय?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी गादीचा पंप तपासायला वाकलो. पंप ठीक होता.

३१ डिसेंबर

अण्णांचा आवाज चढला. "दोन-दोन आजारी पोसायची ऐपत हाय का आपली? जा, अप्पाला खरं सांगून टाक."

गेलो. खरं ऐकलं तर अप्पा स्वतःच्या हातानं पट्टी उपटतील! खाटेजवळ उभा राहिलो. अप्पा म्हणाले, "त्वांड कामून असं केलास? योजनावाल्यांनी पगार न्हाई दिले का तुला?" आणि स्वतःच हसले. हसताना दुखलं नाही त्यांना. परत आलो.

शेवटी रत्नम्माआजींसाठी अण्णांची अट — "अप्पा हायेत तोवर. त्याच्यापुढं एक दिवस न्हाई." मी मान हलवली. अण्णा बरोबर आहेत. गाळ्याचा तर विचारच करायला नको.

८ जानेवारी २०२५

रत्नम्माआजी आज उंबऱ्यात बसून वेणी घालून घेत होत्या! सिस्टर घालत होत्या. कण्हणं नाही. अप्पांना सांगितलं. आवाज बारीक झालाय, पण ताठा तोच — "गिऱ्हाईक मी आणलाव. वर कळव, माझी दलाली द्या म्हणावं."

"वर म्हणजे कुठं?"

"मी चाललोच हाय तिकडं. मीच मागतो."

आई रागावली. मला हसू आलं, मग नाही आलं.

१० जानेवारी

काही खात नाहीत. सिस्टर जास्त वेळ थांबल्या. अप्पांनी अण्णांचा हात धरून ठेवला होता. अण्णांनी लघवीलासुद्धा सोडवून घेतला नाही.

११ जानेवारी

अप्पा गेले. सकाळी, दूध पाजताना. दुखलं नाही.

आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात. विभूती लावली, बेल वाहिला. बसवलं तेव्हा अगदी गल्ल्यावर बसल्यासारखे दिसत होते — आता कुणाला तरी भाव विचारतील असे.

रडताना मधेच आठवलं, रत्नम्माआजींना योजना संपल्याचं कोण सांगणार? अट अण्णांची, खोटं माझं. मीच सांगायला हवं.

१३ जानेवारी

अण्णांबरोबर पलीकडे गेलो. आजी पडूनच म्हणाल्या, "शंकरप्पा गेले. आता योजना बी गेली की, लेकरा."

मी तोंड उघडलं. अण्णा मधेच बोलले, "न्हाई मावशी. अप्पाची जागा खाली झाली, ती तुम्हाला लागली. नियमच हाय तसा." आणि माझ्याकडे वळून, "सांग की रे नियम!"

सांगितला.