टपावरचा ड्रम

तळेगाव (श्यामजी पंत), ९ नोव्हेंबर १९८१

तुह्या लाडक्या आनंदरावानं काल माह्या नवऱ्याचे हाडं खिळखिळे केले. हे पयले वाच, आशीर्वाद मंग घेजो.

चि. रुख्माबाईस यशोदावहिनीचे आशीर्वाद. वि. वि. हा नातू नालवाडीच्या गॅरेजात मोटरी दुरुस्त करते, म्हणून मी भरोसा ठेवला. लिलावातल्या फिरत्या दवाखान्याच्या मोटरीत त्यानं पलंग ठोकला, स्टो ठेवला, टपावर पाण्याचा ड्रम बांधला. तुह्या भावाचा मणका आजारानं पोखरला, नागपूरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. त्याले खाटेवरून उचलता येत नाई, अन् पाय गेल्यापासून तुले इकडं येता येत नाई. म्हणून पोरगा म्हणे, माणूस उचलायचा नाई, घरच सिंदीले नेऊन आत्याआजीच्या दारात उभं करायचं. काल गावाबाहेर नेऊन पाह्यलं, तं खड्ड्यागणिक मोटर उडे अन् बुढा ओरडे. एकदा तुले पाह्यचं, एवढंच तो मागून राह्यला. दुसरं मागायले त्याच्यात काही उरलं नाई.

लोभ आहेच, तो मी तोंडानं सांगत नाई.
यशोदाबाई


सिंदी (रेल्वे), १६ नोव्हेंबर १९८१

ती. सौ. वहिनीस रुख्माचा शि. सा. न. वि. वि. पत्र सून विमल लिहून राहिली आहे, म्हणून तुमच्या शिव्यांना नीट उत्तर देता येत नाही. आनंदराव येऊन गेला. धक्के कमी बसावेत म्हणून मागच्या स्प्रिंगच्या कमानीतले दोन पाटे काढले, चाकांची हवा कमी केली, नवे शॉकअप बसवले म्हणे. आता मोटर आदळत नाही, पण वळणावर झोकांडते. भरला ड्रम टपावरून काढून पलंगाखाली ठेवला तर सरळ चालेल, पण आजी ठेवू देत नाही, असं सांगत होता. वहिनी, काऊन अडून बसता? अंगणातल्या तुराट्या हलवून मी मोटरीपुरती जागा केली आहे.

माया वाढवा, राग पुरे झाला.
रुख्मा


तळेगाव, २१ नोव्हेंबर १९८१

पलंगाखाली बुढ्याचं भांडं राह्यते. त्याच्या बाजूले प्यायचं पाणी ठेवू काय? तुह्या घरी चालत असन.

चि. रुख्माबाईस आशीर्वाद. वि. वि. जन्मभर प्यायचं पाणी पायापाशी ठेवलं नाई, आता घराले चाकं लागले म्हणून ठेवू? बुढा म्हणते, पाणी कुठंबी ठेव, मले रुख्माकडे ने. दुखण्यातला माणूस काहीही बोलते. ड्रम वरच राहीन. आनंदरावाले म्हटलं, वळणावर गाभण गायीसारखी हळू हाक. शुक्रवारी निघतो. वांग्यात तेल टाकजो, तुहा हात लय आखडता.

यशोदाबाई


सिंदी (रेल्वे), २८ नोव्हेंबर १९८१

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि. काल माझी खाट दारात आणून ठेवायला लावली होती. मोटर आली नाही. वांगी भरपूर तेलातली होती. दादा बरा आहे ना, एवढं कळवा.

तुमची रुख्मा


तळेगाव, १ डिसेंबर १९८१

वाट पाहू नको. मोटर येत नाई.

चि. रुख्माबाईस आशीर्वाद. वि. वि. आर्वीच्या अलीकडे नाल्याचं वळण आहे. मोटर हळूच होती. तरी टपावरचं पाणी एका अंगाले गेलं अन् मोटर कलली. उलटली नाई, पण बुढा पलंगावरून घसरून पत्र्यावर आदळला. असा ओरडला का रस्त्यानं चाललेले बैलं बुजले. मी उतरली अन् पोराले म्हटलं, ड्रम उघड. सारं पाणी मातीत सोडलं. मंग मोटर इतकी शांत चालली का त्याच्या अंगावरची चादर हलली नाई. पण तोवर तोंड तळेगावकडे फिरवलं होतं. बुढ्यानंच म्हटलं, घरी ने.

डॉक्टर येऊन गेला. चहा न पिताच गेला. आनंदराव म्हणते, ड्रम खाली घेतो, अजून एक डाव पाहू. मी हो म्हटलं. बुढा मानेनं नाई म्हणते. त्याले आता मोटरीतून उतरवताही येत नाई, म्हणून मोटर अंगणात उभी हाये अन् तो तिच्यातच हाये. माही चूलही तिथंच गेली.

बुढा सकाळ-संध्याकाळ विचारते, रुख्माचं काही आलं काय. श्वास हाये तोवर लोभ असू दे. या पत्राचं उत्तर मले देऊ नको, त्याच्या नावानं देजो. अन् सुनेनं लिहायचं नाई. तुले जसं वाकडंतिकडं येते तसं, तूच लिहिजो.

यशोदाबाई