घोट्यावरून वर

५ जून, अड्याळ
एसटी स्टँडवरून बोचकं डोक्यावर घेऊन मीच चालत आली. जावयाची मोटारसायकल काही आली नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणे. असू दे. आसगावचं घर लेकानं पाडायला घेतलं, नवीन होईपर्यंत मी रेणूकडे, माझ्या लेकीकडे. घर मस्त आहे. फरशी थंडगार, नळाले पाणी, आंगणात पेरू. नात खुशबूनं आल्या आल्या पिशवीत हात घालून मुरमुऱ्याचे लाडू काढले. जावई धर्मेंद्र म्हणाला, आई, दिवसभर तोंड चालवता, त्यापेक्षा या वहीत चालवा. चौथी शिकली आहे मी. त्याले वाटलं, वही कोरीच राहील.

९ जून
रेणू लग्नाले सानगडीले गेली. धर्मेंद्रनं बाजारातून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू सकाळपासून कोपऱ्यात लाळ गाळत होतं. खुशबूनं पाय पुढं केला तर बोटाले चावलं. मी हाकलायला गेली तर माझ्या घोट्याले. धर्मेंद्रनं दोघींच्या जखमेत तिखट भरलं. पोरगी रडली. मी कायले रडू? म्हणाला, रेणूले सांगू नका, काच लागली म्हणा, ती उगाच सुयांच्या मागं लागेल. मीही म्हटलं, एवढ्याशा दातांले कायची सुई.

१२ जून
पिल्लू मेलं. धर्मेंद्रनं नहराकडे पुरलं आणि रेणूले सांगितलं, पळून गेलं. खोटं बोलताना कान लाल होतात त्याचे.

२१ ऑगस्ट
जखम केव्हाच भरली, पण त्याच जागी मुंग्या चालून राहिल्या. तेल चोळलं. थांबत नाहीत.

२४ ऑगस्ट
मुंग्या मांडीपर्यंत. जीव कुठंच थाऱ्यावर नाही. ओसरीत बसली की आंगणात जावं वाटते, आंगणात गेली की ओसरीत. पंख्याचा वारा लागला की मान आखडते. बंद कर म्हटलं तर रेणू म्हणते, एवढ्या उकाड्यात काहून?

२५ ऑगस्ट
तहान लागली. पेला तोंडाजवळ आणला अन् गळा आवळला, जसा कोणी पिळला. पेला फेकला. रेणू म्हणते, नाटक करून राहिली.
खुशबू समोर बसून गटागटा पाणी पिते. मी बघत राहिली. पिते. पिऊ दे.

२६ ऑगस्ट. दवाखाना
डॉक्टरीणबाईनं पेला दाखवला, मी भिंतीले लागली. तिनं रेणूले समजावलं — जंतू चावल्या जागेतून नसेत शिरतो, नस धरून हळूहळू मेंदूकडे चढतो. वर पोचायच्या आधी सुया घेतल्या तर माणूस वाचते. पोचल्यावर नाही.
मग विचारलं, घरात कुत्रं चावलं का कोणाले?
रेणू नवऱ्याकडे बघत होती. धर्मेंद्र फरशीकडे.
"चावलं कोणालेच नाही, मॅडम. एक पिल्लू होतं, ते पळून गेलं."
मी बोलायला गेली — लाळ — गळा बंद — खुशबूचं नाव निघत नाही —

सकाळ
डॉक्टरीणबाई, हे वाचा. माझं राहू द्या, माझं वर पोचलं. पोरगी अजून दौडते, पाणी पिते — तिले वेळ आहे —
पंखा बंद —
रेणू, तू मधात बोलू नको. मलेही कोणी विचारू नका. धर्मेंद्रले उभा करा. पोरीचा पाय त्याच्या हातात द्या. त्यानंच सांगावं बाईले, ९ जूनले तिच्या बोटाले —